फातोर्ड्यात चेंडू मागे का जात होता?

पडद्यावर दिसते आहे ते मडगावच्या फातोर्डा भागातील जवाहरलाल नेहरू स्टेडियम. इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या २०१७-१८ च्या हंगामात येथे एकच दृश्य वारंवार दिसे. चेंडू एफसी गोवाच्या गोलरक्षकाकडे असे, प्रतिस्पर्ध्यांचे आघाडीपटू त्याच्या अंगावर धावून येत आणि तरीही तो चेंडू लांब भिरकावून न देता आपल्याच पेनल्टी क्षेत्राच्या कडेला उभ्या असलेल्या बचावपटूकडे सरकवी. तेथून चेंडू आडवा जाई, पुन्हा मागे येई आणि प्रेक्षकांत चुळबुळ सुरू होई. आदल्याच हंगामात आठ संघांत तळाला राहिलेल्या संघाच्या पाठीराख्याने हे निमूटपणे पाहत बसावे, ही अपेक्षा तशी मोठीच होती.

प्रशिक्षक झिको यांच्या तीन हंगामांनंतर २०१७ मध्ये संघाची सूत्रे सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाकडे आली. बार्सिलोनाच्या युवा संघांना शिकवताना त्यांची जडणघडण झाली होती. चेंडू आपल्याकडे ठेवायचा आणि गमावलाच तर तिथल्या तिथे परत मिळवायचा, ही तिथली शिकवण त्यांनी गोव्यात आणली. कागदावर त्यांची रचना ४-२-३-१ अशी, म्हणजे चार बचावपटू, त्यांच्यापुढे दोन आणि मग तीन मध्यरक्षक व सर्वांत पुढे एक आघाडीपटू अशी दिसे. मात्र या आकड्यांवर फार विसंबू नये, कारण ते सामना सुरू होण्यापूर्वीची स्थिती सांगतात, चेंडू फिरू लागल्यावरची नव्हे.

ही पद्धत समजून घ्यायची असेल, तर काही काळ चेंडूवरून नजर काढून घ्यावी लागते. येथे चित्र थांबवू या. चेंडू गोलरक्षकाच्या पायाशी आहे. दोन्ही मध्य बचावपटू एकमेकांपासून दूर, जवळजवळ पेनल्टी क्षेत्राच्या दोन टोकांना गेले आहेत आणि त्यांच्यामध्ये मोकळ्या झालेल्या जागेत मोरोक्कोचा मध्यरक्षक अहमद जाहू खाली उतरला आहे. त्याच वेळी दोन्ही बाजूंचे फुल-बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, बरेच पुढे चढले आहेत. आता प्रतिस्पर्ध्यांच्या मध्यरक्षकाने काय करावे? तो जाहूच्या मागे धावला, तर त्याच्या पाठीमागे जी जागा सुटते तेथे गोव्याचाच मध्यरक्षक एदू बेदिया पास घेण्यासाठी तयार असतो. आणि तो जागेवरच थांबला, तर जाहूला मान वर करून सगळे मैदान न्याहाळायला उसंत मिळते. मागे दिलेला पास हे गळाला लावलेले आमिष होते. प्रतिस्पर्धी पुढे यावेत, त्यांच्या दोन फळ्यांमधले अंतर वाढावे आणि त्या अंतरात चेंडू पोहोचावा, यासाठीच तो खटाटोप होता.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आघाडीपटू फेरान कोरोमिनास, म्हणजेच पाठीराख्यांचा लाडका कोरो, आपले काम करत असे. उंच चेंडूंवर झेपावणारा धिप्पाड सेंटर-फॉरवर्ड तो नव्हता. तो चार पावले खाली येई, एखाद्या बचावपटूला आपल्यामागे खेचून नेई, आणि त्या बचावपटूच्या सुटलेल्या जागेत विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, आत शिरे. विंगर आत आला की कडेची बाजू फुल-बॅकची. म्हापशाचा मंदार राव देसाई मूळचा विंगर. त्याला लोबेरा यांनी लेफ्ट-बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा फुल-बॅक केले, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. पण ज्या पद्धतीत लेफ्ट-बॅकचा निम्मा सामना प्रतिस्पर्ध्यांच्या भागातच जातो, तेथे विंगरचा वेग आणि विंगरची सवय हवीच असते. हा बदल ज्याला उलगडला, त्याला बाकीची पद्धत समजायला फारसा वेळ लागत नाही.

पहिल्या चार सामन्यांतच या पद्धतीचे गुणदोष पुरते दिसले. चेन्नईत पूर्वार्धातच तीन गोल करणाऱ्या गोव्याने तो सामना अखेर ३-२ असा जेमतेम राखला. मुंबईत मागून चेंडू खेळवण्याच्या नादात स्वतःच्याच गोलसमोर तो गमावला, प्रतिस्पर्ध्यांना गोल बहाल झाला आणि सामना १-२ असा हातचा गेला. त्यानंतर फातोर्ड्यात बेंगळुरूवर ४-३ आणि केरळ ब्लास्टर्सवर ५-२ असे विजय मिळाले. या दोन्ही सामन्यांत कोरोने हॅट्‌ट्रिक केली, आणि दुसरी तर उत्तरार्धाच्या सुरुवातीच्या अवघ्या काही मिनिटांत.

साखळीतील १८ सामन्यांत संघाने ४२ गोल केले आणि २८ स्वीकारले. त्या काळी बचावफळीला बोल लावण्याची रीतच पडली होती. तो दोष सर्वस्वी बचावपटूंच्या माथी मारणे योग्य नव्हते. दोन्ही फुल-बॅक पुढे आणि बचावफळी मध्यरेषेजवळ, अशा स्थितीत चेंडू गमावल्यावर पहिल्या काही सेकंदांत आघाडीपटूंनीच तो परत मिळवायचा असतो. ते दमले किंवा एक पाऊल उशिरा पोहोचले, की मागे अर्धे मैदान उघडे पडते. उपांत्य फेरीत गोव्यात १-१ अशी बरोबरी साधणारा हा संघ चेन्नईत ०-३ असा हरला.

२०१९-२० मध्ये याच पद्धतीने १८ सामन्यांत ४६ गोल झाले. मंदार, ब्रँडन फर्नांडिस, सेरिटन फर्नांडिस, लेनी रॉड्रिग्ज अशा गोमंतकीय खेळाडूंचा त्यात मोठा वाटा होता. संघाने साखळीतील अव्वल क्रमांकाची शिल्ड जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गटसाखळीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मात्र शिल्ड हाती येण्याच्या काही आठवडे आधीच क्लबने लोबेरा यांना निरोप दिला होता.

लोबेरा पुढच्या हंगामात मुंबई सिटीचे प्रशिक्षक झाले. गोव्याचे जाहू, ह्युगो बूमू, मुर्तदा फॉल आणि मंदार हे खेळाडूही तेथे गेले. करोनामुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यातच, प्रेक्षकांविना खेळवला गेला. उपांत्य फेरीत मुंबईची गाठ एफसी गोवाशीच पडली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गोव्याचा पराभव झाला. फातोर्ड्यातील अंतिम सामन्यात मुंबईने एटीके मोहन बागानला २-१ असे हरवले. त्यात मुंबईला बरोबरी मिळवून देणारा स्वयंगोल घडला तो जाहूने मागून उचललेल्या एका लांबलचक पासमुळे.