आधी कोणती लस?

श्रोतेहो, नमस्कार.

युद्ध पेटतं किंवा पूर येतो आणि हजारो माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी एखाद्या मोकळ्या माळावर येऊन पडतात. ताडपत्र्या बांधून व्हायच्या असतात, पिण्याच्या पाण्याची सोय झालेली नसते. त्याच गडबडीत कुणाला तरी ठरवावं लागतं, की इथल्या लेकरांना आधी कोणती लस द्यायची?

पहिला नंबर जवळजवळ नेहमी गोवराचा लागतो. आपल्याला गोवर म्हणजे चार दिवसांचा ताप आणि पुरळ वाटतो. पण लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते, आणि उपाशी, अशक्त मुलाला तो सरळ मृत्यूच्या दारात नेतो. म्हणून पहिला रुग्ण सापडायची वाट बघत नाहीत. एरवी नवव्या महिन्यात मिळणारी लस इथे सहाव्या महिन्यातच टोचतात आणि वय १५ वर्षांपर्यंत वाढवतात. सहाव्या महिन्यातला हा डोस हिशेबात धरत नाहीत. नववा महिना लागला की बाळाला पुन्हा द्यावा लागतो. सोबत अ जीवनसत्त्वही पाजतात.

आणि लसीचं कार्ड? ते घराबरोबर जळालेलं किंवा वाहून गेलेलं असतं. आई म्हणते, "एक सुई दिली होती, कशाची ते आठवत नाही." अशा वेळी तिची उलटतपासणी करत बसत नाहीत. पुरावा नसेल तर लस देतात, कारण गोवराचा जादा डोस बाधत नाही. राहून गेलेला डोस मात्र जिवावर बेतू शकतो.

गोवरानंतर मात्र गुंता वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी निर्णयाची एक चौकट आखली आहे. तिची सुधारित आवृत्ती २०१७ची. या जागी कोणत्या रोगाचा धोका किती, त्यावरची लस इथे कितपत उपयोगी आणि पुरेशी मिळेल का, आणि सुरक्षितता, लोकांची संमती, बाकीची तातडीची कामं बघता ती देणं शक्य आणि योग्य आहे का, हे क्रमाने तपासायचं. त्याच वर्षी रोहिंग्या निर्वासित बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. तिथे कॉलऱ्याची साथ येण्याआधीच ऑक्टोबरमध्ये तोंडावाटे लस पाजायला सुरुवात झाली. नोव्हेंबरमध्ये मात्र घटसर्पाने डोकं वर काढलं आणि लसीकरणाच्या नव्या मोहिमा घाईघाईने उभ्या कराव्या लागल्या.

मला सगळ्यात अवघड वाटतो तो तुटवड्यातला निर्णय. ऑक्टोबर २०२२मध्ये कॉलऱ्याच्या लसीचा जागतिक साठा इतका कमी पडला, की साथींमध्ये दोनऐवजी एकच डोस द्यायचं ठरलं. संरक्षण कमी काळ टिकणार हे माहीत होतं, पण तेवढ्याच कुप्यांमध्ये जास्त माणसांपर्यंत पोचता येणार होतं. मला हा निर्णय पटतो. तरीही, दुसरा डोस कधी येईल हे आईला सांगता न येणाऱ्या परिचारिकेची अवस्था डोळ्यांपुढून हलत नाही.

२०२४मध्ये गाझात २५ वर्षांनंतर पोलिओ आला. दहा महिन्यांच्या एका बाळाचा पाय लुळा पडला. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी ठरावीक तास लढाई थांबवायचं कबूल झालं आणि १ सप्टेंबरपासून थेंब पाजले जाऊ लागले. डोस मिळालेल्या मुलाच्या बोटाला शाईची खूण करायची. पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून जास्त मुलांची बोटं अशी रंगली. दुसऱ्या फेरीत बॉम्बहल्ल्यांमुळे उत्तरेकडची मोहीम लांबली. नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा तिथे पथकांना गाझा शहरापुरतीच वाट मिळाली. जबालिया, बेत लाहिया आणि बेत हानून इथली हजारो मुलं दुसऱ्या डोसाविना राहिली.