लिंक उघडत नाही, म्हणजे नेमकं काय होत नाही?

मंडळी, ‘लिंक उघडत नाही’ ही तक्रार ‘पोटात दुखतंय’सारखी आहे. कुठे दुखतंय ते कळल्याशिवाय औषध देता येत नाही. तरी पहिला सल्ला ठरलेला असतो: ब्राउझर काढा आणि पुन्हा टाका. त्याने सहसा काही साधत नाही. ब्राउझर काढला तरी तुमची प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज, एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम), कुकीज (साइटने तुमच्याकडे ठेवलेल्या बारीक नोंदी), तुमच्या फोल्डरमध्ये बहुधा तशीच राहते. नवा ब्राउझर येतो आणि तीच प्रोफाइल उचलतो, बिघाडासकट.

त्यापेक्षा एक चाचणी करा. लिंकवर राइट-क्लिक करून पत्ता कॉपी करा, नव्या टॅबच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये पेस्ट करा, एंटर दाबा. पान उघडलं, तर इंटरनेट आणि साइट दोन्ही ठीक. घोळ क्लिक करण्यापासून ब्राउझरने ती विनंती पाठवण्यापर्यंत कुठेतरी आहे. नाही उघडलं, तर पडद्यावरची एररची ओळ वाचा. ती कोणी वाचतच नाही, ही खरी अडचण.

आता, लिंक ब्राउझरबाहेरच्या मेलमधून किंवा वर्डच्या फाइलमधून उघडत नसेल, तर संशय डिफॉल्ट ब्राउझरवर, म्हणजे लिंका आपोआप ज्यात उघडायच्या त्या ब्राउझरवर. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स असं जा आणि ब्राउझरचं नाव निवडा. खालच्या यादीत एचटीटीपी आणि एचटीटीपीएस (वेब पत्त्यांच्या सुरुवातीची अक्षरं) या दोन्ही ओळींसमोर तेच नाव हवं. एका ओळीत एक आणि दुसरीत दुसरंच असलं, की काही लिंका इकडे उघडतात, काही तिकडे. नाव बरोबर दिसत असूनही लिंक उघडत नसेल, तर तात्पुरता दुसरा ब्राउझर निवडा आणि मग परत हवा तो. नोंद नव्याने लिहिली जाते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, हाताने खाडाखोड करू नका. विंडोज ८पासून डिफॉल्ट ब्राउझरच्या नोंदीसोबत पडताळणीचा हॅश, म्हणजे नोंदीवरून काढलेला सांकेतिक आकडा, असतो. तो जुळला नाही की नोंद बाद.

कधी ब्राउझर आधीच चालू असतो, पण अडकलेला. खिडकी दिसत नाही आणि नवी लिंक त्याच्यापर्यंत पोचत नाही. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून तो पूर्ण बंद करा.

ब्राउझरच्या आतच क्लिक वाया जात असेल, तर एक्स्टेन्शन्सकडे बघा, विशेषतः जाहिराती रोखणाऱ्या. क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एनने इनकॉग्निटो, म्हणजे खाजगी खिडकी, उघडा. तिथे तुम्ही मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. फायरफॉक्स शिफ्ट दाबून धरून सुरू केला, की ट्रबलशूट मोड (एक्स्टेन्शन्स बंद ठेवून चालणारा) हवा का, असं विचारतो. तिथे लिंक उघडली, तर गुन्हेगार शोधायला निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करा, मग उरलेल्या संशयितांतली निम्मी. २० असली तरी ५ फेऱ्यांत दोषी सापडतो. लिंक नव्या खिडकीत उघडणारी असेल, तर अ‍ॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला पॉप-अप अडवल्याचं चिन्ह आलंय का, तेही बघा.

आणि कीबोर्ड! कंट्रोल अडकली असेल तर प्रत्येक लिंक नव्या टॅबमध्ये मागे उघडते आणि माणसाला वाटतं, काही झालंच नाही. शिफ्ट अडकली तर नवी खिडकी. क्रोममध्ये ऑल्ट दाबलेली असेल तर पान उघडण्याऐवजी डाउनलोड होतं.

एररच्या ओळींपैकी तीन ओळखून ठेवा. ‘सर्टिफिकेट डेट इनव्हॅलिड’ (साइटच्या ओळखपत्राची मुदत संगणकाच्या तारखेशी जुळत नाही) दिसलं तर आधी संगणकाची तारीख तपासा. डेस्कटॉप बंद करून चालू केला की दर वेळी घड्याळ मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक ठिकाणी ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ (साइट एका पानावरून दुसऱ्यावर पाठवतच राहते) असेल तर फक्त त्या साइटच्या कुकीज पुसा, सगळ्या नाही. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे त्या नावाचा पत्ताच सापडला नाही. आधी स्पेलिंग बघा. मेलमधून कॉपी केलेल्या लिंकच्या शेवटी कंस किंवा पूर्णविराम चिकटून आला, तरी पत्ता चुकतो. तेव्हा बहुधा ४०४, म्हणजे ‘असं पान नाही’, दिसतं.

राहिली पीडीएफ, जी उघडण्याऐवजी डाउनलोड होते. ब्राउझरच्या पीडीएफ सेटिंगमध्ये तसं निवडलं असेल तर तिथे बदला. पण सर्व्हरनेच, म्हणजे साइटच्या संगणकानेच, फाइल ‘अटॅचमेंट’, म्हणजे उतरवून घ्यायची फाइल, म्हणून पाठवली असेल, तर ते सेटिंग बदलूनही ती डाउनलोडच होईल. बिघाड तुमच्याकडे नाहीच.