अंगठी न घेणारा फारामिर

नमस्कार मंडळी.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरच्या तीन चित्रपटांबद्दल वाचक-प्रेक्षकांचे वाद वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. त्यातले बरेचसे वाद एकाच वाक्यापाशी येऊन अडतात: "पुस्तकात असं नव्हतं." हे वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं, पण त्यानं निकाल लागत नाही. पुस्तकात नव्हतं, बरं, मग त्यामुळे बिघडलं काय? एखादा प्रसंग काढला तर पुढचा कुठला प्रसंग अधांतरी राहिला? एखाद्या पात्राला वेगळं वागायला लावलं तर कथेतली कुठली गाठ सुटली? मत द्यायचं तर ते इथपर्यंत जायला हवं. आज आपण काही ठळक तक्रारी घेऊन तिथपर्यंत जाऊन बघू. कथा न वाचलेल्यांसाठी एवढंच: दुष्ट सत्ताधीश सॉरॉन याची, माणसाला भुलवणारी अंगठी अग्निपर्वतात टाकून नष्ट करायला फ्रोडो हा हॉबिट (हॉबिट म्हणजे बुटक्या लोकांची जमात) मित्र सॅमबरोबर निघतो; राजगादीचा वारस आरागॉर्न आणि जादूगार गँडाल्फ त्यांच्या बाजूनं असतात, आणि अंगठीनं पछाडलेला तिचा जुना मालक गॉलम मागावर असतो.

आधी आकारमान. कादंबरी १९५४-५५मध्ये तीन खंडांत आली, पण लेखक टॉल्किन यांच्या लेखी ती एकच कादंबरी होती, सहा भागांची. दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांचे चित्रपट २००१, २००२ आणि २००३ साली आले. चित्रपटगृहातल्या प्रतींची लांबी अनुक्रमे १७८, १७९ आणि २०१ मिनिटं, म्हणजे एकूण नऊ तास अठरा मिनिटं. नंतरच्या विस्तारित आवृत्त्या मिळून अकरा तासांच्या वर जातात. वाद घालण्याआधी समोरच्यानं कुठली आवृत्ती पाहिली हे विचारून घ्यावं. शत्रूला सामील झालेला जादूगार सारुमान याचा मृत्यू फक्त विस्तारित आवृत्तीत आहे. बोरोमिर आणि फारामिर हे भाऊ आणि त्यांचा बाप, गोंडोर राज्याचा कारभारी डेनेथॉर, यांचा ऑस्गिलियथ शहरातला पूर्वप्रसंगही तिथेच आहे. तो पाहिलेला आणि न पाहिलेला माणूस फारामिरबद्दल भांडतात, तेव्हा दोघं दोन वेगळ्या चित्रपटांबद्दल बोलत असतात.

आता टॉम बॉम्बाडिल. पहिल्या खंडातली सहावं, सातवं आणि आठवं ही तीन प्रकरणं चित्रपटानं पूर्ण वगळली. वाचकांची सर्वांत जुनी तक्रार हीच. बॉम्बाडिल गेला याचं दुःख मी समजू शकतो, पण पटकथेच्या दृष्टीनं ते कापणं बरोबर होतं. अंगठीच्या शोधातले सॉरॉनचे काळे घोडेस्वार मागे लागलेत, अंगठी भयंकर आहे असं नुकतंच ठसवलंय, आणि तेवढ्यात अंगठीचा जराही परिणाम न होणारा एक गाणारा माणूस भेटतो. वाचकाला ही उसंत हवीशी वाटते, चित्रपटात ताण तिथेच उतरला असता. खरं नुकसान दुसरीकडे झालं, आणि त्याबद्दल फार कमी जण बोलतात. आठव्या प्रकरणात बॉम्बाडिल चार हॉबिटांना प्राचीन थडग्यातून सोडवतो आणि तिथलीच पाती त्यांच्या हातात देतो. ती पाती पूर्वी आंगमारच्या राजाशी लढणाऱ्या माणसांनी घडवलेली. तोच राजा पुढे नाझगुलांचा, म्हणजे त्याच काळ्या घोडेस्वारांचा, सरदार म्हणून पेलेनोरच्या मैदानावर येतो. चौघांतला मेरी त्याच्या गुडघ्यामागे वार करतो तेव्हा ते पातं लागू पडतं, कारण ते त्याच्यासाठीच घडवलेलं होतं. त्याच्या देहाला धरून ठेवणारी जादू त्या वारानं तुटते आणि मग त्याच्याशी लढणाऱ्या एओविनची तलवार काम करते. चित्रपटात वेदरटॉप टेकडीवर आरागॉर्न चौघांना तलवारी देतो, पण त्या तलवारींना हा इतिहास नाही. त्यामुळे मेरीचा वार म्हणजे निव्वळ धाडस आणि योगायोग उरतो. तलवारी देतानाच आरागॉर्नच्या तोंडी दोन वाक्यं घातली असती तर धागा जोडला गेला असता. म्हणून कापण्याबद्दल माझी तक्रार नाही, टाका न घालण्याबद्दल आहे.

डेनेथॉरच्या बाबतीत हेच जास्त महागात पडलं. कादंबरीत त्याच्याकडे पॅलँटिर आहे, दूरचं दाखवणारा दगड. सॉरॉन त्याला त्यातून खोटं दाखवत नाही. निवडक खरं दाखवतो, आणि म्हणून त्याची निराशा समजते. चित्रपटात "तुम्हाला वाटतं त्याहून जास्त मी पाहिलंय" अशा अर्थाचं वाक्य तो म्हणतो, पण दगड कुठे दिसतच नाही. पुस्तक न वाचलेल्या प्रेक्षकापुढे एक वेडसर, निर्दय बाप तेवढा राहतो. त्या प्रेक्षकानं डेनेथॉरला एकसुरी म्हटलं तर त्याचं चुकत नाही.

वेळेबद्दलची तक्रार मात्र लवकर निकालात काढता येते. फ्रोडोचा आप्त बिल्बो याच्या मेजवानीपासून फ्रोडो हॉबिटांचा मुलूख शायर सोडेपर्यंत कादंबरीत सतरा वर्षं जातात. तेहतिसाव्या वर्षी अंगठी मिळालेला फ्रोडो पन्नाशीला निघतो. चित्रपटात हा काळ जाणवतच नाही. पण सतरा वर्षांचा संथपणा पडद्यावर दाखवायला मिनिटं लागतात आणि हाती काही लागत नाही. नदीच्या उतारावर ग्लॉर्फिंडेल या एल्फ (अमर जमातीतल्या) योद्ध्याऐवजी आरागॉर्नची प्रेयसी आर्वेन आली, हेही तसंच. कादंबरीत तिची कथा मुख्यतः परिशिष्टात आहे. तिची आधी ओळख करून दिली नसती तर शेवटच्या लग्नाला अर्थच उरला नसता.

कापण्याला खुद्द टॉल्किन यांचीही हरकत नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. १९५८ साली एका प्रस्तावित चित्रपटाचा आराखडा त्यांच्याकडे आला होता. त्यावर त्यांनी मुद्देसूद पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात की एंट (चालते-बोलते वृक्षरक्षक) आणि हॉर्नबर्ग गढीची लढाई या दोन्हींना पुरेशी जागा देता येत नसेल तर एक काढावं, आणि काढायची ती लढाई, कारण मुख्य कथेत ती आनुषंगिक आहे. जॅक्सन यांनी नेमकं उलट केलं. कादंबरीत एका प्रकरणात आटोपणारी ती लढाई दुसऱ्या चित्रपटाचा कळस झाली, तिथे पुस्तकात नसलेली एल्फांची फौजही आली, आणि एंट आधी लढायला नकार देऊन मग मन बदलतात. युद्ध म्हणून ती लढाई अप्रतिम उभी केली आहे, यात शंका नाही. पण त्याच पत्रात टॉल्किन यांचा आणखी एक आक्षेप आहे: वाईट रूपांतरं बिघडतात ती अतिशयोक्तीमुळे, आणि मूळ कथेचा गाभा कुठे आहे हे न कळता भलतं काही घुसवल्यामुळे. मग विचारायचं ते हे: या कथेचा गाभा कुठे आहे?

माझं उत्तर असं की ही कादंबरी 'न करण्या'ची आहे. अंगठी हाताशी असून न घेणं, शत्रू पायाशी असून न मारणं. कथेतले निर्णायक क्षण बहुतेक असेच आहेत. वाचकांच्या तक्रारी एकत्र मांडून पाहा. सर्वांत तीव्र तक्रारी नेमक्या त्या जागी आहेत जिथे पुस्तकातलं पात्र काही करत नाही आणि चित्रपटातलं करतं.

फारामिर हे पहिलं उदाहरण. पुस्तकात त्याला अंगठीचं कळतं तेव्हा तो म्हणतो, ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. आणि तो शब्द पाळतो. चित्रपटात तो फ्रोडो आणि सॅमला बंदी करून ऑस्गिलियथला नेतो, अंगठी बापाकडे पाठवायच्या बेतात असतो आणि अगदी शेवटी सोडतो. पटकथाकार फिलिपा बॉयन्स, फ्रॅन वॉल्श आणि जॅक्सन यांनी याची कारणं सांगितली आहेत आणि ती हलकी नाहीत. एक, अंगठी सगळ्यांना भुलवते असं दोन चित्रपट ठसवत आल्यावर एकानं ती सहज नाकारली तर तिचा धाक संपतो. दुसरं कारण रचनेचं. टॉल्किन आधी आरागॉर्नच्या बाजूची सगळी हकीकत सांगतात आणि मग फ्रोडोची. चित्रपटात दोन्ही बाजू आलटून पालटून दाखवायच्या तर घटनांच्या तारखा जुळवाव्या लागतात. त्यामुळे शेलॉब कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात गेला. मग दुसऱ्या चित्रपटात फ्रोडोच्या वाटेला कळसच उरला नाही, आणि तो ऑस्गिलियथमध्ये तयार करावा लागला.

रचनेचं कारण मला पटतं. धाकाचं पटत नाही. पहिल्या चित्रपटात गँडाल्फ अंगठी नाकारतो, एल्फांची स्वामिनी गॅलाड्रिएल नाकारते, आणि दोन्ही वेळा अंगठी जास्तच भीतिदायक वाटते. शिवाय अॅमॉन हेनच्या टेकडीवर चित्रपटानं स्वतःहून एक प्रसंग रचला आहे: फ्रोडो उघड्या तळहातावर अंगठी धरतो, आरागॉर्न गुडघे टेकतो आणि फ्रोडोची बोटं तिच्यावर मिटवतो. हे पुस्तकात नाही, तरी पुस्तकाच्या अगदी मर्मावर बोट ठेवणारं आहे. कॅमेऱ्याला नकार दाखवता येतो, हे त्याच लोकांनी सिद्ध केलं होतं. फारामिरला तोच प्रसंग द्यायचं सोडून त्याला अंगठीला भुललेल्या बोरोमिरची धाकटी आवृत्ती केलं, इथे वाचकांचा राग रास्त आहे.

शत्रूच्या मुलखात नेणाऱ्या कीरिथ उंगोलच्या पायऱ्यांवरचा बदल याहून खोल जातो, आणि यावर मी जरा थांबणार आहे. चित्रपटात गॉलम शिधा फेकून देतो, आळ सॅमवर आणतो, आणि फ्रोडो सॅमला घरी पाठवतो. पुस्तकात दोघं शेलॉबच्या बोगद्यात एकत्रच शिरतात. "फ्रोडो असं करणारच नाही," ही तक्रार सगळे करतात. पण त्या जागी पुस्तकात काय होतं ते पाहा. दोघं झोपलेत. गॉलम परत येतो, त्यांच्याकडे बघत राहतो, त्याच्या डोळ्यांतली हिरवी चमक विझते आणि तो एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्या हॉबिटासारखा दिसू लागतो. हळूच हात पुढे करून तो फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. क्षण निघून जातो, परत येत नाही. टॉल्किन यांनी एका पत्रात या प्रसंगाला कथेतला बहुधा सर्वांत करुण क्षण म्हटलं आहे. गॉलम सुधारण्याच्या उंबरठ्यावर होता आणि एका भल्या माणसाच्या कठोर शब्दानं तो मागे फिरला. चित्रपटानं नेमका हा क्षण काढून तिथे कारस्थान ठेवलं. शेलॉबपुढे फ्रोडो एकटा हवा, ही पटकथेची गरज होती. त्यासाठी मोजलेली किंमत मात्र तिन्ही चित्रपटांतली सर्वांत मोठी आहे. अँडी सर्किस यांनी उभा केलेला गॉलम तो गुडघ्याचा स्पर्श किती समर्थपणे करू शकला असता, या विचारानं तर ती आणखी मोठी वाटते.

विस्तारित आवृत्तीत सॉरॉनचा दूत बोलणी करायला काळ्या दरवाज्याबाहेर येतो आणि आरागॉर्न त्याचं मुंडकं उडवतो. पुस्तकात आरागॉर्न त्याच्याकडे नुसतं रोखून बघतो. दूत दचकून 'मी दूत आहे, मला मारता येणार नाही' असं ओरडतो, आणि त्याला खरंच कुणी मारत नाही. दूताला मारायचं नाही हा नियम रामायणात विभीषण रावणाला सांगतो, त्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाला तर हा वार जास्तच खटकायला हवा. राजा होऊ घातलेल्या माणसाला शत्रूच्या पातळीवर आणणारे हे काही सेकंद आहेत, आणि चित्रपटगृहातल्या प्रतीत ते नव्हते हे बरंच झालं.

शेवटाबद्दल दोन गट अगदी उलट बोलतात. पुस्तक न वाचलेले म्हणतात, तिसरा चित्रपट संपतच नाही, शेवटामागून शेवट येत राहतात. वाचलेले म्हणतात, शेवट फार तोकडा आहे. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. अंगठी सहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात नष्ट होते आणि त्यानंतर सहा प्रकरणं उरतात. त्याच भागाच्या आठव्या प्रकरणात हॉबिट घरी येतात तर शायर उद्ध्वस्त झालेलं असतं, आणि ते त्यांना लढून सोडवावं लागतं. हे प्रकरण चित्रपटानं काढलं. निरोपांची प्रकरणं ठेवली आणि ज्या संकटामुळे त्या निरोपांना वजन येतं ते गेलं, म्हणून न वाचलेल्याला ती नुसती लांबण वाटते. त्याच प्रकरणात सारुमान फ्रोडोवर सुरी चालवतो, ती चिलखतावर मोडते, आणि तरी फ्रोडो त्याला सोडून द्या म्हणतो. पुन्हा न मारणं. एक पूर्ण नवी लढाई कळसानंतर बसवणं जवळजवळ अशक्य होतं, हे मी मान्य करतो. पण चित्रपटाचा फ्रोडो युद्धातून काय शिकून परतला हे सांगणारी जागा त्यामुळे उरली नाही.

राहता राहिला अग्निपर्वत. पुस्तकात फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो, गॉलम ती बोटासकट तोडून घेतो, आनंदानं नाचतो आणि तोल जाऊन पडतो. त्याला कुणी ढकलत नाही. बिल्बोनं, फ्रोडोनं आणि शेवटी सॅमनंही त्याला जिवंत सोडलं होतं, म्हणूनच तो तिथे असतो, आणि काम त्या दयेनं होतं. जॅक्सन यांनी आधी फ्रोडो गॉलमला ढकलतो असं चित्रित केलं होतं. ते खुनासारखं दिसतं हे त्यांनाच जाणवलं आणि तो प्रसंग पुन्हा चित्रित झाला. आता आपण पाहतो त्यात दोघांची झटापट होते आणि दोघं कड्यावरून जातात, फ्रोडो लटकतो, गॉलम पडतो. पुस्तकापासून अजून एक पाऊल दूर, पण पहिल्या चित्रीकरणापेक्षा कितीतरी जवळ.