आधी तोटा लिहा

नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शेअरबाजार तज्ज्ञ’ असं छापलंय, ते कृपया खोडा. मी अठरा वर्षं स्वतःच्या पैशाने सौदे करतो आणि त्यातली पहिली सहा वर्षं मी पैसे घालवलेत. कुठला शेअर घ्यायचा हे ऐकायला जे आले असतील त्यांची आज निराशा होईल. चहा मात्र मिळेल.

शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर. म्हणून ऑप्शन्सचा विषय मी आज काढणारच नाही. डिलिव्हरीत, म्हणजे पूर्ण पैसे देऊन शेअर स्वतःच्या खात्यात घेऊन, काही दिवस, काही आठवडे ठेवणाऱ्यांसाठी बोलतो.

माझी गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव सांगणार नाही. 210 ला 100 शेअर घेतले. पडला, 180 ला आणखी 200 घेतले. 140 ला आणखी 300. माझा ॲव्हरेज, म्हणजे सरासरी खरेदीचा भाव, 165 वर आला आणि मला चक्क आनंद झाला! बायको बँकेत कॅशियर होती. ती म्हणाली, “अहो, पण विकायचा कधी, ते ठरवलं होतंत का?” मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. शेवटी 90 ला सगळे विकले, 45,000 चा तोटा. पहिले शंभर 190 ला सोडले असते तर 2,000 रुपयांत सुटलो असतो. 43,000 रुपये निव्वळ ‘मी चुकलो’ असं न म्हणण्याचे गेले.

येस बँक आठवते ना? ऑगस्ट 2018 मध्ये भाव 400 च्या आसपास होता. तिथून घसरताना प्रत्येक पायरीवर लोक ‘स्वस्त झाला’ म्हणून घेत होते. 5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि दुसऱ्या दिवशी भाव निम्म्याहून खाली आला. पुढे पुनर्रचनेच्या योजनेत, ज्यांच्याकडे शंभराहून जास्त शेअर होते त्यांच्या 75 टक्के शेअर्सच्या विक्रीवर तीन वर्षं बंदी आली. बाहेर पडायचं दार बाहेरूनच बंद. ॲव्हरेज करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आता हिशेब. बहुतेक लोक खात्यात किती पैसे आहेत त्यावरून किती शेअर घ्यायचे ते ठरवतात. उलट करा. समजा भांडवल दोन लाख आहे. एका सौद्यात एक टक्का, म्हणजे 2,000 रुपये गेले तरी झोप उडणार नाही. शेअर 480 ला आहे आणि 460 च्या खाली गेला तर आपला अंदाज चुकला, असं चार्ट सांगतोय. फरक 20 रुपयांचा. 2,000 भागिले 20, शंभर शेअर. ‘इथे तोटा मान्य करून विकायचं’ असा आधी ठरवलेला हा भाव म्हणजे स्टॉपलॉस. तो 455 ला ठेवावासा वाटतो? ठेवा, पण मग शेअर 80 च. तोटा आधी लिहायचा, मग संख्या, आणि सगळ्यात शेवटी खरेदीचं बटण. अर्थात रात्रीत वाईट बातमी आली आणि शेअर थेट 440 ला उघडला तर स्टॉपलॉस 460 ला तुम्हाला काढू शकत नाही, 4,000 जातात. म्हणून तर एक टक्का. पाच टक्के लावणाऱ्याला अशी एक सकाळ फार महाग पडते.

शिस्त कुठे मोडते ते ऐका. तुमची पद्धत दहात चार वेळा बरोबर येते असं धरू. बरोबर आली की सरासरी 4,000 मिळतात, चुकली की 2,000 जातात. दहा सौद्यांत 16,000 आले, 12,000 गेले. हातात 4,000, त्यातून दलाली, एसटीटी म्हणजे सौद्यावरचा कर, आणि नफ्यावरचा कर. ठीक चाललंय. आता सलग चार सौदे तोट्यात गेले, आणि अशा पद्धतीत ते जातातच. पाचव्याला तुम्ही घाबरून म्हणालात, ‘हा राहू दे.’ तो नेमका फायद्याचा निघाला. आले 12,000, गेले 12,000. पद्धत तीच, हातात शून्य. मग आपण म्हणतो पद्धत बेकार आहे आणि यूट्यूबवर दुसरी शोधतो. (हसताय कशाला? मी चार बदलल्या.)

आणि पद्धत साधी असली तरी चालते, फक्त ती कागदावर हवी. कधी घेणार, कुठे चुकलो म्हणणार, फायद्यात असताना कशावरून निघणार. हे बाजार उघडायच्या आत, सव्वानऊच्या आधी लिहा. सव्वानऊनंतर माणूस स्वतःशी खोटं बोलायला लागतो, हा माझा अनुभव.

टिपांबद्दल चिठ्ठी आली आहे. टिप देणारा घ्यायला सांगतो, निघायला कधी सांगतो का? एवढं पुरे.

बायको दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय काउंटरवरून उठत नसे. तिनेच मला दोनशे पानी वही आणून दिली. रकाने तिने आखले: तारीख, भाव, स्टॉपलॉस, संख्या, नफा-तोटा. शेवटचा रकानाही तिचाच, ‘नियम पाळला का?’ त्यात फक्त हो किंवा नाही. शनिवारी आम्ही दोघं तो रकाना मोजतो, नफा नंतर बघतो.

गेल्या महिन्यात माझे अकरा सौदे झाले, त्यात दोन ‘नाही’. एकात 2,600 गेले, त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्यात स्टॉपलॉस तुटला तरी मी बसून राहिलो, शेअर उलटा फिरला आणि 3,800 रुपये मिळाले. बायकोने लाल पेनने गोल केलाय तो त्या 3,800 भोवती.