पैसेवारी कोण ठरवतं?

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या संध्याकाळी एका तालुक्याच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, उद्या १७ सप्टेंबर. झेंडावंदन होईल, हुतात्मा स्मारकावर फुलं वाहिली जातील. लढ्याची भाषणं उद्या तुम्ही ऐकणारच आहात, म्हणून मी आज कागदाबद्दल बोलणार आहे. गावातल्या माणसाचं म्हणणं सरकारच्या कानापर्यंत जातं कसं आणि वाटेत त्याचं होतं काय, एवढंच.

आमच्या आजोबांच्या पेटीत एक अर्ज सापडला. उर्दूत लिहिलेला, खाली आजोबांचा अंगठा. एका जाणत्याकडून वाचून घेतला तेव्हा कळलं की पीक बुडालं म्हणून सारा माफ करा, अशी ती विनंती होती. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य, कचेरीबाहेर अर्जीनवीस बसायचे, पैसे घेऊन अर्ज लिहून द्यायचे. आजोबांना उर्दूचं अक्षर कळत नव्हतं. म्हणजे आपल्या नावावर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्यालाच ठाऊक नाही. अर्ज मंजूर झाला की नाही, तेही घरात कुणाला सांगता आलं नाही.

निजाम सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, निजामसागर धरणही त्यांच्याच काळातलं. पण सर्फ-ए-खासचा, म्हणजे निजामाच्या खासगी मुलखाचा, महसूल थेट निजामाच्या खासगी तिजोरीत जायचा आणि त्याचा हिशेब मागायची सोय रयतेला नव्हती. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा, असं सांगणारं 'गश्ती निशान ५३' नावाचं सरकारी परिपत्रक होतं. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली, ती उठली १९४६ साली. मधल्या काळात तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगाच्या आत-बाहेर. आता बघा, रयतेचं तोंड असं बांधल्यावर राजाला खबर मिळते ती पगारी माणसांकडून, आणि ते सांगतात साहेबाला गोड लागेल तेवढंच.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्याकडचं नाही, चीनमधलं आहे. १९५८ साली माओंनी 'मोठी झेप' जाहीर केली. उत्पादन दुप्पट-चौपट झालंच पाहिजे म्हटल्यावर खालच्या अधिकाऱ्यांनी कागदावर तसं करून दाखवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येकानं आपल्या गावाची पैसेवारी, म्हणजे रुपयाला किती पैसे पीक आलं याचा सरकारी आकडा, फुगवून पाठवली. त्या फुगलेल्या आकड्यावर सरकारनं धान्य उचललं. शेतकऱ्याच्या कणगीत काय उरलं, हे विचारलंच नाही. परदेशात धान्य विकणंही चालू होतं. १९५९ साली संरक्षणमंत्री फंग दह्वाय यांनी माओंना पत्र लिहून हे सांगायचा प्रयत्न केला, तर त्यांचंच मंत्रिपद गेलं. मंत्र्याची ही गत झाल्यावर कुठला तलाठी खरं लिहील? त्या दुष्काळात किती माणसं गेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. ढग वेळेवर आले असते तरी तो खोटा आकडा लोकांच्या पोटावर आलाच असता.

आता त्याच्याशेजारी आपलं १९७२ ठेवा. इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांनी सुकडी खाल्लीय, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी खाल्लीय, खडी फोडलीय. हाल झाले, त्याला नाही म्हणता येणार नाही. पण मोर्चे निघत होते, विधानसभेत खडाजंगी होत होती, वर्तमानपत्रं रोज छापत होती. सरकारला डोळे मिटून बसताच आलं नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. निवडणुका होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात तिथं मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही, असं अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन म्हणतात, ते याच अर्थानं. पुढं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ साली कायदा झाली. मागेल त्याला काम, आणि १५ दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता. आजोबांच्या अर्जातली मेहेरबानी इथं कायद्याचं कलम झाली.

एक गंमत सांगतो. १९५२ साली आजोबांनी पहिल्यांदा मत टाकलं तेव्हा हैदराबाद राज्याचे राजप्रमुख, म्हणजे आजच्या राज्यपालासारखे, कोण? तेच निजाम! १९५६ साली राज्य मोडेपर्यंत तेच होते. म्हणून असेल कदाचित, आमची अर्जाची भाषा काही बदलली नाही. अजून आपण 'मायबाप सरकार' लिहितो, 'कृपावंत होऊन' लिहितो. तहसीलदाराच्या दालनात खुर्ची रिकामी असली तरी उभंच राहतो.

ग्रामसभेचं तर बोलायलाच नको. १०० माणसं किंवा १५ टक्के मतदार, यात कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग पाच जण पारावर बसून गावाचा आराखडा मंजूर करतात आणि सह्यांची वही घरोघर फिरते. माझ्या घरीही आली होती. मी सही केली, हेही कबूल करतो. पाहुणे आले होते, वाद नको म्हटलं.

ई-पीक पाहणीचं मात्र मला कौतुक आहे. २०२१ पासून आपल्या सातबाऱ्यावरचं पीक आपणच मोबाइलवरून नोंदवतो. पूर्वी तलाठी चावडीत बसून लिहायचा, कापसाच्या वावरात तूर दाखवायचा. पण यातही बरीच मंडळी केंद्रावरच्या पोराच्या हातात मोबाइल देतात आणि तो काय दाबतो ते बघत नाहीत. पीकविम्याची तक्रार ७२ तासांत करायची असायची, तिथंही तेच व्हायचं. हा नवा अर्जीनवीस मराठी बोलतो, एवढाच फरक.

आता आमच्या गावची गोष्ट सांगून थांबतो. पैसेवारी ५० च्या आत आली की शेतसाऱ्यात, पंपाच्या वीजबिलात, पोरांच्या परीक्षा फीमध्ये सवलत मिळायची, हे तुम्हाला माहीतच आहे. हा आकडा निघतो तो नमुन्याचं वावर कापून, म्हणजे कापणी प्रयोगातून. एका वर्षी सोयाबीन वाळून कोळ झालं होतं आणि आमचा आकडा आला ५४. गावातले एक म्हातारे चार-सहा वाळकी झाडं काखेत मारून कचेरीत गेले. साहेबांना विचारलं, "कापणीला इहिरीजवळचंच वावर कामून घेतलं?" साहेब म्हणाले, "जिथं गाडी जाते तिथलं घेतलं." त्या वर्षी ५४ चे ५४ च राहिले.

पुढच्या वर्षी कापणी प्रयोगाचा दिवस म्हाताऱ्यांनी आधीच विचारून ठेवला. पहाटेच बैलगाडी जुंपून फाट्यावर जाऊन बसले. जीप आली तसे उठले आणि म्हणाले, "साहेब, गाडी जात नाही तिकडं बी रान हाय. बसा."