हजेरी घ्या, झडती नको

(अंबाजोगाईतील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मला विषय दिलाय, पर्यावरणाच्या कामात माणसं कशी जोडावीत. मी सुरुवात उलटीकडून करते. माणसं तुटतात कशी, ते आधी बघू. कारण आपल्याकडं तोडायचं काम फार जोरात चालतं, आणि तेही चांगल्या हेतूनं.

नाल्यातला गाळ काढायला एक गृहस्थ पहिल्यांदाच येतात. सकाळचं दुकान बंद ठेवून. हातात पाण्याची विकतची बाटली. आपल्यातला एक उत्साही पोरगा सगळ्यांदेखत म्हणतो, "काका, पर्यावरणाच्या कामाला आलात आणि हे काय आणलंत?" सगळे हसतात. काकाही हसतात. दोन तास टोपली उचलतात आणि घरी जातात. पुढच्या रविवारी त्यांचं दुकान उघडं असतं.

त्या पोराचं म्हणणं चूक होतं का? नाही. पण एका बाटलीपायी दोन हात गेले, याची नोंद कोण ठेवणार? हीच गत रोपं घेऊन येणाऱ्यांची. कुणी हौसेनं गुलमोहर आणला की लगेच, "हा मादागास्करचा, विदेशी आहे, परत न्या." अहो, लावू द्या की एक शाळेच्या दारात. गटात राहिला तर पुढच्या वर्षी तोच कडुनिंब, करंज, हिवर मागायला येईल. ज्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याच्याही आत आहे, तिथं झाडाची जात काढणाऱ्यांनी आधी आळं करून पाणी घालावं, असं माझं सरळ मत आहे.

बायकांचं तर आणखी वेगळं. सकाळी सातला श्रमदान ठेवायचं आणि मग म्हणायचं, बायकांना या कामाची गोडी नाही. आमच्या गटातही असं बोलणारे होते. शेवटी एकीनं तोंडावर सांगितलं, "भाऊ, आठ-दहा दिवसांतून एकदा नळ येतो, तो सकाळीच. त्या दिवशी घर सोडलं तर पुढचे आठ दिवस तुम्ही पाणी भरणार का?" ज्या बाईला रांजणातलं पाणी किती दिवस पुरेल हे डोळ्यांनी कळतं, तिला आपण पाणी वाचवण्यावर व्याख्यान देतो! आता नळाचं वेळापत्रक बघून दिवस ठरतो. बायका येतात. त्यांच्यात गोडी निर्माण करायला आम्हाला काहीही करावं लागलं नाही.

2016 चा उन्हाळा आठवा. लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लावावं लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात जो तो गुन्हेगार शोधत होता. कुणी ऊसवाल्याला धरलं, कुणी बोरवाल्याला, कुणी टँकरवाल्याला. त्याच उन्हाळ्यात गावागावांनी श्रमदानानं पाणी अडवायची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली. राज्यातले तीनच तालुके निवडले होते, वरुड, कोरेगाव आणि आपला अंबाजोगाई. ऊसतोडीला गेलेली माणसं हंगाम संपवून परतलेली होती. कुदळ घेऊन आलेल्याला, तुझ्या रानात काय उभं आहे, हे विचारत बसायला कुणाला सवड नव्हती.

उसाचं मी मुद्दाम काढलं. ऊस पाणी पितो, यात वाद नाही. पण लावणाऱ्याला मूर्ख किंवा लोभी ठरवण्याआधी त्याच्या बांधावर दहा मिनिटं बसा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, गहू-ज्वारी आडवी झाली, फळबागा झोडपून निघाल्या. ऊस मार खाऊनही कारखान्याला जाण्याजोगा उरतो. 2017 ला तुरीचं पीक उदंड आलं. हमीभाव 5,050 रुपये, बाजारात दर त्याच्या खाली, आणि खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून गाड्यांच्या रांगा. तूर लावा म्हणून आपणच त्याला सांगितलं होतं! उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला दर आहे, तोडणी-वाहतूक कारखाना बघतो. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे. ते बदलायचं तर ठिबकाबद्दल, डाळीच्या खरेदीबद्दल बोलावं लागेल, आणि तेही तो आपल्यात बसलेला असताना. हाकलून दिल्यावर कुणाशी बोलणार?

आता जरा नाजूक भागाकडं येते. झाडं लावायची ठरली की गावातल्या पुढाऱ्याच्या तोंडी पहिलं नाव गायरानाचं येतं. सरकारी जमीन, मोकळी पडलेली, लावून टाका. पण मराठवाड्यात गायरान मोकळं असतंच असं नाही. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांनी केलेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून दलित कुटुंबं ती जमीन कसत आली आहेत. 14 एप्रिल 1990 पर्यंतचे कब्जे नियमित करायचा शासनाचा निर्णय झाला, तरी कित्येकांच्या हातात सातबारा अजून नाही. अशा माणसाच्या पिकात तुम्ही चुन्याच्या रेघा मारून खड्डे घ्यायला गेलात, तर त्याला तुमच्या हातातलं रोप दिसत नाही, घर उठवायला आलेली नोटीस दिसते. आणि तो आडवा आला की आपण म्हणतो, 'हे लोक पर्यावरणाच्या विरोधात आहेत.' विरोधात कशाला असतील? त्यांच्याच वस्तीतली बाई सरपणाला मैलभर चालते. आधी विचारा, कोण कसतंय, किती वर्षांपासून. बांधावर शेवगा, बोर, सीताफळ लावायचं आणि फळ कसणाऱ्याचं, असं बोलून तर बघा. कुठं जमेल, कुठं नाही जमणार. पण दार बंद होणार नाही.

आपल्याकडं इर्जिक होती. ज्याची पेरणी-नांगरट मागं राहिली त्याच्या शेतात शेजारपाजारचे आपापले बैल घेऊन उतरायचे, दिवसात काम उरकायचे, आणि शेतवाला सगळ्यांना जेवू घालायचा. काम का मागं राहिलं, बैल मेला, दुखणं आलं की आळस केला, याची चौकशी नसायची. आपल्या गटांना हवं ते एवढंच आहे. पण इर्जिकीची फार आरती ओवाळायला नको. त्या पंगतीतही कुणी अंगणात आणि कुणी गोठ्याकडं, हे होतंच. म्हणून आम्ही बाटली, गाडी, पीक, पक्ष यातलं काही विचारत नाही, पण एका बाबतीत ताठ असतो. कामावर पाण्याचा माठ एक, पेला एक, भाकरी सगळ्यांच्या एका फडक्यावर. ज्याला हे चालत नाही तो घरी बसतो. अशी दोन-चार माणसं गेली आमची. जाऊ द्या.

प्रश्नोत्तरात मघाशी इथल्या एका तरुणानं चांगलं विचारलं: कुणाला दोषच द्यायचा नाही, तर एकजण शंभर फुटांच्या जागी पाचशे फूट बोर मारून सगळ्यांचं पाणी ओढतो, त्याचं काय?

त्याचं असं. आपला खडक बेसॉल्टचा. पाणी वरच्या मुरमाड थरात आणि खालच्या भेगांत. भेग कुणाच्या बांधाशी थांबत नाही. कायद्यानं 60 मीटरपेक्षा खोल जायला बंदी आहे, ती किती पाळली जाते हे तुम्ही बघताच. तेव्हा तोंडाचं भांडण सोडा आणि दोरी घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तसंच गावानं दर महिन्याला मोजावं. दोरीला वजन बांधायचं, फूटा-फूटावर गाठी मारायच्या. शाळेची पोरं हे झकास करतात. पारावर फळा लावायचा. आमच्याकडं यावरही वाद झाला, फळ्यावर मालकाचं नाव घालायचं का? काहींना घालायचंच होतं. ठरलं असं, की नाव नाही, गट नंबर नाही. 'वरची शिवारं', 'ओढ्याकाठच्या', 'गावठाण' असं लिहायचं, आणि पुढं किती फुटांवर पाणी.

पहिल्या दोन महिन्यांत फळ्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मार्चमध्ये ओढ्याकाठची पातळी झपाट्यानं उतरली, तेव्हा खोल बोरवाले एक गृहस्थ संध्याकाळी फळ्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग आमच्यातल्या एकाला म्हणाले, "पुढच्या वेळी माझीबी मोजा." मोजली. बोर त्यांनी बंद केलेली नाही. पण बैठकीला ते येऊ लागलेत, मागच्या खुर्चीवर बसतात, आणि मोटार किती तास चालवायची यावर बोलणं सुरू झालं की तावातावानं भांडतात. भांडू द्यात. भांडायला का होईना, येताहेत.