रसाच्या ग्लासात उरलेला भुसा

नमस्कार श्रोतेहो.

उसाच्या रसाच्या गाड्यावर बर्फाची लादी फोडताना तुम्ही पाहिली असेल. कारखान्यातून ती भुशात लोळवून, गोणपाटात गुंडाळून येते. धुतली तर धुतली, नाहीतर तशीच. रस पिऊन झाला की ग्लासाच्या तळाशी भुशाचे चार कण दिसतात. (रस बिनबर्फाचाच मागावा, असं माझं स्पष्ट मत आहे, अर्धं पाणी विकत घ्यायचं आणि वर भुसा.) पण आज तो भुसाच आपल्या कामाचा आहे, कारण आज समुद्रतळाच्या चिखलावरून जुन्या हवामानाचा माग काढायचाय. बर्फ गेला, भुसा राहिला. एवढं ध्यानात ठेवा.

आता चला अटलांटिक महासागरात, फ्रान्सच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून पार दूर. तिथे पाण्याखाली एक डोंगर आहे. जर्मन लोकांनी त्याचं नाव ठेवलंय ड्राइत्साक, म्हणजे चक्क त्रिशूळ. या डोंगराच्या परिसरातल्या गाळाचे नमुने हार्टमुट हाइनरिश या जर्मन भूवैज्ञानिकाने तपासले.

असा गाळ काढतात कसा? लांब पोलादी नळी, वर वजन, आत प्लॅस्टिकचं अस्तर. नळी तारेवरून खाली सोडायची, ती स्वतःच्या वजनाने चिखलात रुतते. तोंडाशी पत्र्याच्या पाकळ्या असतात; नळी वर ओढताना त्या मिटतात आणि गाळ आत अडकून राहतो. पाकळ्या नीट मिटल्या नाहीत तर खालचा गाळ निसटतो, आणि जोरात आदळली तर सगळ्यात वरचा, सगळ्यात ताजा थर उधळला जातो. खुल्या समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो. म्हणजे वीतभर चिखल म्हणजे हजारो वर्षं. त्यात तळाचे किडे बिळं करतात आणि वरचं खाली, खालचं वर करून ठेवतात, त्यामुळे कुठल्याच थराची कडा सुरीने कापल्यासारखी नसते.

या चिखलाची चकती कापायची, वाळवायची, वजन करायची, भिजवायची आणि चाळणीतून धुवायची. ही चाळण मैद्याच्या चाळणीहून बारीक. वर जे उरतं ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेक कण मोजायचा. शेकड्यांनी कण, आणि अशा ढीगभर चकत्या. तांदूळ निवडण्याचा कंटाळा येणाऱ्यांचं हे काम नव्हे.

एरवी या गाळात काय असतं? फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची चुन्याची कवचं, खसखशीसारखी. पण मधेच काही थर असे लागले की कवचं जवळजवळ गायब आणि त्या जागी दगडाचे कण! हाइनरिशने मोजले ते 180 मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 3 मिलिमीटरपर्यंतचे. तीन मिलिमीटर म्हणजे तुरीच्या डाळीपेक्षा थोडा बारीक खडा.

आता हा खडा भर समुद्रात आला कुठून? वारा धूळ नेतो, खडे नेत नाही. समुद्राच्या उतारांवरून गाळाचे लोट घसरत येतात खरे, पण ते खोलगट भागात साचतात, डोंगरावर चढत नाहीत. मग उरलं काय? जमिनीवरचे खडे पोटात घेऊन तरंगत आलेला आणि इथे वितळलेला बर्फ. बर्फ गेला, भुसा राहिला.

हाइनरिशने हे 1988 साली प्रसिद्ध केलं. फारशी कुणी दखल घेतली नाही. काही वर्षांनी अमेरिकेतले शास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर आणि जेरार्ड बाँड यांच्या लक्षात आलं की हेच थर अटलांटिकमध्ये इतरत्रही सापडतात, आणि मग हे थर टाकून गेलेल्या बर्फाच्या लोंढ्यांना ‘हाइनरिश घटना’ असं हाइनरिशचंच नाव मिळालं. सुमारे 60 हजार ते 16 हजार वर्षांपूर्वीच्या काळात असे सहा ठळक थर आहेत. त्यांतल्या बहुतेकांत चुनखडक आणि त्याचाच भाऊबंद डोलोमाइट यांचे कण भरपूर. ड्राइत्साक तर ज्वालामुखीचा, काळ्या दगडाचा, म्हणजे हे कण तिथले नव्हेत. हा चुनखडक कॅनडातल्या हडसनच्या सामुद्रधुनीकडचा. थरही तिकडे जाड, आणि पूर्वेला युरोपकडे यावं तसा पातळ होत जातो. भुशावरून कारखाना सापडला!

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. बातम्यांत हिमनदी आणि हिमनग यांची सर्रास गल्लत होते. जमिनीवर सरकते ती हिमनदी, तुटून पाण्यात तरंगतो तो हिमनग. नग! मोजता येतो तो नग.

तर, कॅनडावर तेव्हा लॉरेंटाइड नावाचा हिमस्तर, म्हणजे जमीन झाकणारा बर्फाचा अवाढव्य थर होता, जाडी काही ठिकाणी तीन किलोमीटरच्या पुढे. तो फुटून हिमनगांचे तांडे समुद्रात का सुटायचे? डग्लस मॅकआयल या शास्त्रज्ञाने 1993 साली मांडलेली कल्पना अशी: इतका जाड बर्फ म्हणजे गोधडीच. खालून पृथ्वीची ऊब येत राहते, ती गोधडीखाली कोंडते, तळ वितळतो, चिखल होतो आणि वरचा डोलारा घसरतो. पातळ झाला की पुन्हा गोठतो, पुन्हा साचायला लागतो. हिशोब साधारण सात हजार वर्षांच्या फेऱ्याचा निघतो.

आता हवामान. इथे घरी करायचा प्रयोग आहे. काचेचे दोन ग्लास घ्या, स्टीलचे नकोत, आतलं दिसणार नाही. दोन्हींत पाव लिटर पाणी. एकात दीड लहान चमचा मीठ, सपाट, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. हा झाला समुद्र, लिटरला सुमारे 35 ग्रॅमचा. पाणी स्थिर होऊ द्या. बीटाच्या पाण्याचे बर्फाचे खडे आधीच करून ठेवा. हळद चालत नाही, ती विरघळत नाही, तळाशी बसते. आता एकेक खडा अलगद सोडा, हलवू नका. साध्या पाण्यात लाल धारा खाली उतरतील. खाऱ्या पाण्यात लाल थर वरच्या वर तरंगत राहील, आणि खडाही उशिरा वितळेल.

खारं पाणी जड, गोडं पाणी हलकं. पुन्हा सांगतो: खारं जड, गोडं हलकं. अटलांटिकमध्ये उबदार खारं पाणी उत्तरेला जातं, गार होतं, जड होतं आणि ग्रीनलंड-नॉर्वेच्या बाजूला बुडतं. बुडतं म्हणून मागून आणखी उबदार पाणी ओढलं जातं. हिमनगांनी तिथे गोड्या पाण्याचा थर पसरला की बुडणं मंदावतं आणि उबेचा पुरवठा आटतो. म्हणजे बर्फ वितळला आणि उत्तर अटलांटिक आणखी गारठला! दक्षिण गोलार्धात मात्र ती ऊब साठून राहिली, अंटार्क्टिका हळूहळू तापत गेला. त्या थरांत जी थोडी कवचं उरली, ती डाव्या वळणाच्या एका थंडप्रेमी जातीची. आपल्याला उजव्या शंखाचं कौतुक, इथे भाव डाव्याला.

हिमनगांमुळेच सगळं सुरू झालं, असं मात्र समजू नका. काही ठिकाणच्या गाळात गारठा आधी दिसतो आणि खडे नंतर. प्रवाह आधीच मंदावलेला असावा, हिमनगांनी तो आणखी दाबून धरला.

आणि आपलं काय? उत्तर गारठली की उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो. पहिल्या हाइनरिश घटनेच्या सुमारास (क्रम वरच्या थरापासून लावतात, म्हणून पहिली ती सगळ्यात अलीकडची), साधारण 16-17 हजार वर्षांपूर्वी, आपला मोसमी पाऊस क्षीण झाला होता. अरबी समुद्राच्या गाळात ते दिसतं, आणि चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेतल्या चुन्याच्या स्तंभातही. ऑक्सिजनचे अणू हलके आणि जड अशा प्रकारांचे असतात: पाऊस दणकून पडला की थेंबांत हलका ऑक्सिजन जास्त, पाऊस रोडावला की जड ऑक्सिजन जास्त, आणि स्तंभ थेंबाथेंबाने ती नोंद ठेवतो. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर, आज समुद्रासारखं पसरलेलं, त्या काळात कोरडं पडलं होतं.

प्रयोगातलं खारं पाणी तुळशीला घालू नका, मोरीतच ओता. नमस्कार.